तिलवाऱ्याची भोपळेमंडळी

दुधी भोपळा कोवळा असेपर्यंत भाजी. वेलावर राहून गेला, नख रुतेना इतका जून झाला, की मंडईत त्याला कुणी विचारत नाही. आमच्या मंडळींचं काम तिथून सुरू होतं. आमची मंडळी म्हणजे फाल्गुनात, होळीच्या आधीच्या एखाद्या रविवारी, तिलवाऱ्याला माझ्या अंगणात जमणारी माणसं. ना संस्था, ना वर्गणी, ना अध्यक्ष. कुणी वेल लावतं, कुणी कोरतं, कुणी वाजवतं, काहीजण नुसतेच येऊन पोहे-चहा घेऊन "एवढा मोठा झालाच कसा?" विचारून जातात. त्यांनाही आम्ही अडवत नाही. जाणती माणसं आपणहून बोलत नाहीत. असा कुणी भाबडा प्रश्न टाकला की मग त्यांची गाडी सुटते.

तिलवारा म्हणजे जबलपूरहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की येणारा नर्मदेचा घाट. वरच्या अंगाला ग्वारीघाट, खालच्या अंगाला लम्हेटाघाट आणि मग संगमरवरी कड्यांचा भेडाघाट. संक्रांतीला इथं मोठा मेळा भरतो. मार्च १९३९ मधलं काँग्रेसचं त्रिपुरी अधिवेशन याच टापूत झालं. अध्यक्ष सुभाषबाबू तेव्हा तापानं फणफणले होते. मराठी माणूस इथं त्याच्याही खूप आधीपासून आहे. १७८१ मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला, १७९८ पासून नागपूरकर भोसल्यांकडे होता, १८१७ ला इंग्रजांनी घेतला. राज्य गेलं, घरं राहिली. पुढं रेल्वे, पोस्ट, शाळा आणि १९०४ साली सुरू झालेला तोफगाड्यांचा कारखाना यांच्या नोकऱ्यांपायी आणखी घरं आली. आमचं त्यातलंच. मी स्वतः उभा जन्म लेथवर काढला, त्यामुळे भोपळा हातात आला की आधी त्याच्या भिंतीची जाडी मोजतो आणि मग त्याचं कौतुक करतो. बायको म्हणते, तुम्ही बाळाच्या बारशालाही व्हर्नियर घेऊन जाल.

या घाटावर भोपळ्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. नर्मदा परिक्रमेतले जुने साधू तुंब्याचा कमंडलू बाळगत; अजूनही एखादा दिसतो. बुटका, पोटाशी गरगरीत भोपळा, वरचा भाग कापून तोंड केलेलं, वाकवलेल्या वेताची मूठ आणि वर्षानुवर्षं हात लागून लागून चढलेला काळपट तांबूस तकाकीचा रंग. वजन जवळपास काही नाही. महिनोन्महिने पायी चालणाऱ्या माणसाला पितळेचा तांब्या जड होतो, मातीचा फुटतो. तुंबा खांद्यावर आहे की नाही हेही कळत नाही. जैन मुनींनाही आगमांनी जी पात्रं चालतील म्हणून सांगितली ती तीनच: तुंब्याचं, लाकडाचं, मातीचं. हल्ली महाराष्ट्रातून परिक्रमेला येणाऱ्यांची रीघ लागलेली असते आणि नर्मदेचं पाणी बहुतेकांजवळ प्लास्टिकच्या बाटलीत असतं. त्यांना दोष द्यायचा नाही. तुंबा मिळतो कुठं, हाच प्रश्न आहे.

हे फळ मूळचं आफ्रिकेचं. शास्त्रीय नाव लॅजेनेरिया सिसेरेरिया. पण माणसानं चाक करायच्याही आधीपासून ते आशियात आणि अमेरिकेत वापरात होतं. अमेरिकेत तर सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचे अवशेष मिळालेत. आफ्रिकेतून तिथं ते पोचलं कसं, यावर विद्वानांत बरंच घमासान झालं. १९५४ मध्ये दोन संशोधकांनी भोपळे समुद्राच्या पाण्यात सात महिन्यांहून अधिक काळ तरंगत ठेवले आणि मग आतलं बी पेरलं. ते उगवलं. २०१४ मध्ये जनुकांच्या तपासणीतून निष्कर्ष निघाला की अमेरिकेतले जुने भोपळे आफ्रिकेतल्या भोपळ्यांचे सख्खे नातेवाईक आहेत, म्हणजे अटलांटिक महासागर त्यांनी आपापले तरंगत ओलांडला असणार. आमच्याकडे पोरांच्या कमरेला सुके भोपळे बांधून त्यांना पोहायला शिकवायचे, त्यामागची अक्कल हीच. पेरूच्या किनाऱ्यावर हुआका प्रिएता नावाच्या टेकाडात ज्युनियस बर्ड यांनी १९४६-४७ मध्ये उत्खनन केलं, तेव्हा चेहरे कोरलेले दोन चिमुकले भोपळे सापडले. चार हजार वर्षांहून जुने. म्हणजे भोपळा पोकळ करून माणूस लगेच त्यावर चित्रं काढायला बसला. नागपूरच्या आमच्या चित्रकलेच्या बाई हे ऐकल्यापासून फार खूश आहेत.

आता वेलाकडे येतो, कारण माझ्या मते निम्मी कला तिथंच होऊन जाते आणि तिची दखल कुणी घेत नाही.

भोपळ्याचं बी जाड सालीचं. रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचं आणि आमच्याकडे आर्द्राचा पाऊस बसला की आळ्यात टोचायचं. वेल माणसाच्या उंचीएवढा झाला की शेंडा खुडायचा. पाहुण्यांना वाटतं, वाढत्या वेलाचा गळा का कापताय? तर मुख्य वेलावर नरफुलांचीच गर्दी असते. मादी फुलं येतात ती बगलफुटव्यांवर. शेंडा गेला की फुटवे सुटतात. फुलं पांढरी, कागदासारखी, संध्याकाळी उमलतात आणि सकाळी मान टाकतात. परागीकरण करतात रात्रीचे पतंग. भोवती वस्ती वाढली, दिवे वाढले, फवारण्या वाढल्या, तसे पतंग बेभरवशाचे झाले. मग काळोख पडता पडता बॅटरी घेऊन आपणच मांडवाखाली जायचं. लांब बारीक देठाचं ते नरफूल. मादी फुलाच्या खाली बोटाच्या पेराएवढा, लव असलेला, पुरता घडलेला भोपळा आधीच बसलेला असतो. नरफूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मादीच्या मधल्या भागावर हलक्या हातानं फिरवायचं. दोन-चार दिवसांत ते पेर फुगायला लागलं तर काम झालं; पिवळं पडून गळलं तर पुन्हा.

बियाण्याचा घोळ याच फुलात होतो. समजा तुमचा वेल गोल तुंब्याचा आणि शेजारणीनं कुंपणावर भाजीचा लांब दुधी चढवलाय. पतंगाला कुंपण कळत नाही. यंदाचं फळ तुमच्या वेलाच्या जातीचं, गोलच धरतं, म्हणून तुम्ही निर्धास्त. बी जपून ठेवता, चार जणांना वाटता. पुढल्या वर्षी त्यातून जे निघतं त्याला ना धड मान, ना धड पोट. म्हणून ज्याला आकार टिकवायचा आहे तो नर आणि मादी दोन्ही कळ्या उमलायच्या आधी दोऱ्यानं किंवा कागदी पिशवीनं बांधतो, रात्री हातानं परागण करतो, पुन्हा बांधतो आणि त्या एका फळाच्या देठाला चिंधी लावून ठेवतो. ते फळ बियाण्याचं. आमच्या अंगणात सगळ्यात जास्त भाव असतो तो या चिंधीवाल्या फळांना. मंडल्याकडचे एक गोंड शेतकरी दादा येतात, त्यांच्या पिशवीत अशी कितीतरी बियाणी चिंध्यांच्या पुरचुंड्यांत असतात. प्रत्येक पुरचुंडीच्या गाठीची तऱ्हा वेगळी, आणि कुठली गाठ कुठल्या आकाराची हे फक्त त्यांना ठाऊक.

आकारावर जागेचाही हात असतो. मांडवावरून लोंबणाऱ्या फळाची मान सरळ आणि लांब होते. जमिनीवर वाढणारं फळ ज्या अंगावर टेकतं ते अंग चपटं होतं, मान वाकडी होते. बसका भोपळा हवा असेल तर लहानपणीच त्याला बुडावर उभा करायचा, खाली पेंढा किंवा फळी द्यायची आणि मधून मधून पाहायचं. ओल धरली तर बूड कुजतं. फळमाशीनं सुई खुपसली की तिथं खळगा राहतो आणि भोपळा मोठा होईल तसा खळगाही मोठा होतो. एका वेलावर मोजकीच फळं ठेवायची, बाकीची कोवळी असतानाच भाजीला काढायची. फक्त चाखून पाहायची. तुंब्याच्या जाती बहुधा कडू असतात आणि तो कडवटपणा विषारी असतो. कडू लागलेल्या दुधीचा रस मुळीच पिऊ नका, असा इशारा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनंच दिलेला आहे. आरोग्यासाठी म्हणून रोज सकाळी दुधीचा रस पिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. चव कडू लागली तर ग्लास ओतून द्यायचा, पैसे वसूल करायला जायचं नाही.

वेल वाळला, देठ तपकिरी होऊन खडखडीत झाला, की फळ काढायचं, देठासकट. घाई करणाऱ्याचा भोपळा सुरकुतून आत बसतो. आणि मग वाळवण. ताज्या भोपळ्यात नऊ दशांशाहून जास्त पाणीच असतं, ते सगळं त्या जाड सालीतून बाहेर पडायचं आहे. लहान फळाला दोन-तीन महिने, मोठ्याला सहा महिनेही. मधल्या काळात त्यावर काळी-हिरवी बुरशी चढते, वास सुटतो आणि घरातली माणसं "फेका तो सडका" म्हणतात. नवशिक्यांचे निम्मे भोपळे इथं उकिरड्यावर जातात. बुरशी वरच्या पातळ कातडीवर असते. खालचं लाकूड होत असतं. बोटानं दाबून पाहायचं: मऊ लागला तर खरंच गेला, टणक असेल तर हवेशीर जागी ठेवायचा, आठवड्याला कूस बदलायची. एक दिवस उचलला की हात चुकल्यासारखा वर जातो, इतका हलका झालेला असतो. हलवला की आत बिया खुळखुळतात. मग पाण्यात बुडवून तारेच्या घासणीनं घासायचा. बुरशीची कातडी सोलवटून निघते आणि खाली मधाच्या रंगाचं, कुठं कुठं ढगांसारखे डाग असलेलं कवच दिसतं. ते डाग बुरशीनंच उमटवलेले. मी त्यांना हात लावू देत नाही. कुणी त्यावर रंग फासला की माझं तोंड वाकडं होतं, हे सगळ्यांना माहीत आहे आणि मला चिडवायला म्हणून काहीजण मुद्दाम रंगवून आणतात.

जपानी लोक दुसरी तऱ्हा वापरतात. देठाशी भोक पाडून भोपळा पाण्यात बुडवून ठेवायचा, आतला गर कुजवायचा आणि त्या भोकातून ओतून काढायचा. काम लवकर होतं. वासाचं काय सांगू? आमच्यातल्या एका हौशी डॉक्टरांनी गच्चीवर हा प्रयोग केला, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी पालिकेला ड्रेनेज फुटल्याची तक्रार दिली होती.

भोपळा कापताना मात्र नाकाला फडकं बांधायलाच हवं. आतला वाळलेला गर पिठासारखा उडतो, घशात गेला की दिवसभर कडू कडू होतं आणि खोकला थांबत नाही. कापायला मी हॅक्सॉची पाती वापरतो, आधी बारीक ड्रिलनं वाट करून. तोंड कापलं की कडेची जाडी मोजायची. दोन-तीन मिलिमीटरचा असेल तर दिव्याला ठीक. आठ-दहाचा मिळाला तर त्यावर खोल कोरता येतं. एकाच भोपळ्याची जाडी बुडाशी वेगळी, मानेशी वेगळी. लोखंडाचं हे खपवून घेतलं नसतं, भोपळ्याचं घ्यावं लागतं.

नागपूरच्या बाई दिवे करतात. पेन्सिलीनं नक्षी काढायची आणि एक, दोन, तीन मिलिमीटरच्या ड्रिलनं भोकं पाडत जायची; आत एलईडी लावला की भिंतभर नक्षी पडते. साधा बल्ब तापतो, तो चालत नाही. हे दिवे देखणे असतात यात वाद नाही, पण बाईंना कुठं थांबावं ते कळत नाही असं माझं मत आहे, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. भोपळ्याचं पोट कुठंतरी मोकळं राहू द्या. त्यावर त्या म्हणतात, "काका, गिऱ्हाईक भोकं मोजून पैसे देतं." आमचं हे असं विळ्या-भोपळ्याचं सख्य. मंडल्याच्या दादांचा आक्षेप याहून मुळातला. पहिल्यांदा दिवा पाहिला तेव्हा तो उलटसुलट करून त्यांनी विचारलं, एवढा चांगला तुमा, भोकं पाडून नासवला कशाला? आता पाणी कुठं राहणार?

त्यांच्याकडे तुमा, म्हणजे तुंबा, हे भांडंच. मंडला-दिंडोरीच्या गोंड आणि बैगा वस्त्यांत शेतावर जाताना पाणी किंवा पेज तुम्यातून न्यायची, बियाणं तुम्यात राखायचं, ही रीत चालत आलेली. नक्षी असलीच तर तापवलेल्या सुरीनं ओढलेल्या चार रेघा. बस्तरमध्ये, कोंडागावच्या बाजूला, याच डागायच्या तंत्रातून तुमा शिल्प नावाची कारागिरी उभी राहिली: प्राणी, झाडं, नाचणारी माणसं, सगळं तापल्या लोखंडानं काढलेलं. तिथं रंग लावत नाहीत. जळाल्याचा काळा आणि भोपळ्याचा पिवळा, दोनच. मला विचाराल तर आपल्या देशातलं या जातीचं सर्वांत नेटकं काम तेच. म्हैसूरच्या 'कृषिकला'नं दिवे, बाहुल्या, शोभेच्या वस्तू यांची वेगळी वाट काढली आणि महिलांना काम शिकवलं, तेही मोलाचं. जपानात या वेडाला राजाश्रयच आहे: सोळाव्या शतकातल्या हिदेयोशी या सेनानीचं निशाण भोपळ्यांचं होतं, आणि आज तिथल्या भोपळाप्रेमींच्या देशव्यापी मंडळाचे मानद प्रमुख राजपुत्र अकिशिनो आहेत. अमेरिकेतल्या भोपळा मंडळाचा इतिहास १९३७ पर्यंत मागे जातो. त्यांची प्रदर्शनं, बक्षिसं, परीक्षक सगळं रीतसर असतं. आमच्याकडे परीक्षक म्हणून बायको. तिचा निकष एकच, टिचकी मारल्यावर आवाज कसा येतो.

ती गाते. तिचा तंबोरा घर बदलताना टेम्पोत आपटला आणि भोपळ्याला उभी चीर गेली, त्यापायी मी पहिल्यांदा मिरजेला गेलो. नाहीतर भोपळ्यातलं मला काय कळत होतं? मिरजेच्या सतारमेकर गल्लीत शिरलं की दुकानादुकानात माळ्यावर, छताला, कोपऱ्यात भोपळेच भोपळे. हा धंदा तिथं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सुरू झाला. हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी. तलवारींचे दिवस सरले तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करायला आणि मग घडवायला घेतली. पटवर्धनांचं संस्थान गाण्याचं शौकीन, पुढं अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, आणि गावाचं नाव तंबोऱ्याला चिकटलं. २०२४ मध्ये मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना भौगोलिक मानांकन मिळालं.

तिथं ज्या कारागिरांकडे गेलो ते वयानं मोठे, डोळ्यांना जाड भिंगं. चीर पाहायच्या आधी त्यांनी भोपळा आतून बोटानं चाचपला आणि म्हणाले, "माल पंढरपूरकडचा आहे, चांगला आहे, वाचेल." तंबोऱ्याचे भोपळे येतात ते सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं. पुरुषी तंबोऱ्याला पन्नास इंचांच्या पुढच्या घेराचा भोपळा लागतो, तोही एकसारखा गोल, बिनखळग्याचा, पुरता वाळलेला. एवढा आपोआप पिकत नाही. कारागीर तो कापतो, पाण्यात भिजवून नरम करतो, आतून खरवडतो आणि आत काठ्यांचे टेकू ठोकून हव्या त्या रुंदीला ताणून वाळवतो. मग गळा, दांडी, तबली, घोडी, खुंट्या. तूण किंवा तशाच हलक्या लाकडाची तबली तारांचा कंप घेते आणि भोपळ्याच्या पोकळीत तो घुमतो. घोडी घासून तिची जवारी लावणारा कितीही कसबी असो, भोपळा ठोकळा असेल तर तंबोरा बोलत नाही. आमच्या तंबोऱ्याची चीर त्यांनी आतून कापडाची पट्टी आणि सरस लावून अशी बुजवली की आता ती फक्त मला दिसते.

मी त्यांना विचारलं, हे भोपळे पिकवतं कोण? ते म्हणाले, पूर्वी पुष्कळ होते. त्यांच्या मते अडचण शेतकऱ्याच्या हिशेबातच आहे, आणि हिशेब मलाही पटला. भोपळा वेलावर आणि मग खळ्यावर मिळून वर्षाचा मोठा तुकडा खातो. कडू असल्यामुळे विकला गेला नाही तर ताटातही येत नाही. गिऱ्हाईक म्हणजे एका गावातले मोजके कारागीर, आणि ते शंभरातून निवडून घेणार. वाकडा, डागी, पातळ तिथंच राहणार. ऐन पिकताना परतीचा पाऊस कोसळला की सगळंच गेलं. १९८० मध्ये उजनी धरण झालं, भीमेच्या काठानं ऊस आला, ऊस साखर कारखाना तोलून नेतो. मग भोपळ्याचं बी कोण राखणार? जे राखतात ते हट्टानं राखतात. तंबोऱ्यावर कारागिराच्या दुकानाचं नाव असतं, मैफलीत गायकाचं असतं. पिकवणाऱ्याचं कुठंच नसतं.

हीच गोष्ट इतर वाद्यांची. वारकऱ्याच्या गळ्यातली वीणा, गारुड्याची पुंगी यांत कुठं ना कुठं भोपळा आहेच. पालघरच्या वारल्यांचा तारपा तर भोपळ्याशिवाय होतच नाही. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांनी नव्वदी ओलांडली तरी तारपा सोडला नाही. त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या मंडळींनी पेढे वाटले, जणू घरचाच माणूस. तारपा करणारे बहुधा भोपळाही आपलाच लावतात. तिथं शेतकरी आणि कारागीर एकाच माणसात राहतात, म्हणून भांडण नाही.

आमच्या अंगणात मात्र ते दोघं समोरासमोर बसतात आणि भांडण होतं. होऊ देतो. मिरजेहून आल्यावर मी ही मंडळी जमवायला लागलो ती याचसाठी. कौतुक करायला प्रदर्शनं पुरेशी आहेत. गेल्या वर्षी असं झालं की बाईंनी दादांकडून घेतलेल्या एका तुम्याचा दिवा केला आणि तो नागपुरात चांगल्या किमतीला गेला. किंमत त्यांनी प्रामाणिकपणे सगळ्यांसमोर सांगितली. दादा हिशेबाला पक्के. म्हणाले, तुम्हाला दिवा करायला किती दिवस लागले? चार. मला तुमा करायला? पावसापासून शिमग्यापर्यंत. मग माझ्या वाट्याला एवढेसेच कसे? बाई म्हणाल्या, दादा, तुमचे दहा तुमे मी घेतले, त्यातले तीन कापताना फुटले, ते कुणाच्या खात्यावर? कीर्तनाची वीणा घेऊन आलेले बुवा मध्ये पडायला गेले तर दोघांनी मिळून त्यांनाच गप्प केलं.

त्यातून दोन गोष्टी ठरल्या. एक, प्रत्येक दिव्याच्या बुडाशी डागणीनं गाव आणि पिकाचं साल लिहायचं. बाईंनी ते लगेच सुरू केलं. आता गिऱ्हाईकं गावाबद्दल विचारतात आणि त्यांना मंडल्याचा नकाशा काढून दाखवावा लागतो. दुसरी, भोपळा कापायच्या आधी दोघांच्या देखत टिचकी मारून, दाबून, तोलून त्याची प्रत लावायची. पहिल्या प्रतीच्या भोपळ्याला पिकवणाऱ्याचा वाटा दिवा विकल्यावर, किमतीच्या हिश्शानं. दुसऱ्या प्रतीला रोख, जागेवर, फुटला तर घेणाऱ्याचं नुकसान. प्रत लावायचं काम व्हर्नियरसकट माझ्या गळ्यात पडलंय. हिस्सा किती, यावर मात्र एकमत झालेलं नाही. दादा तिसऱ्या भागावर अडून बसलेत, बाई पाचव्याच्या वर चढायला तयार नाहीत. बियाण्याच्या पुरचुंड्या मात्र भांडणाच्या मध्येच वाटल्या गेल्या, आणि बाईंनी पाच प्रकारच्या घेतल्या. कुठल्या गाठीत काय आहे ते विचारायला त्यांना पावसाआधी दादांकडे फोन करावाच लागणार आहे.